टाकीत पाणी आहे, मग डिशवॉशर कोरडा का?

या महिन्याच्या टपालात डिशवॉशरचीच पत्रं जास्त निघाली, आणि बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच: मशीन सुरू होतं, पण पाणी घेत नाही. बाणेरच्या काकांचं पत्र लांबलचक आहे. संपादकांनी कात्री काढली होती, मी ती परत ठेवायला लावली.

प्रश्न : ताई, मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. सात मजली इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो. पत्नीला संधिवात आहे. 2020 च्या लॉकडाउनमध्ये भांडीवाल्या मावशी यायच्या थांबल्या तेव्हा डिशवॉशर घेतला, आणि भांड्यांचं खातं तेव्हापासून माझ्याकडे आहे. यंदा जूनपासून त्रास सुरू झाला. बटण दाबलं की आधी मिनिटभर घर्रघर्र होतं, मग बारीक 'घूं' असा आवाज येत राहतो. पाण्याचा खळखळाट मात्र नाही. चार-पाच मिनिटांनी शिट्टी वाजते आणि नळाचं चित्र लुकलुकायला लागतं. सवयीने मी वहीत नोंद ठेवली. जूनमध्ये तो आठ वेळा अडला: चार वेळा गुरुवारी रात्री, तीन वेळा शुक्रवारी सकाळी आणि एकदा रविवारी रात्री. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सोसायटीने गच्चीवरच्या टाक्या धुतल्या. त्यानंतर तो एकदाही चाललेला नाही, वार कुठलाही असो. एक कारागीर येऊन गेला. त्याने दार उघडलं, बंद केलं, दोन बटणं दाबली आणि 'पीसीबी (मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलाय, नऊ हजार' म्हणाला. पत्नी म्हणते, नऊ हजारांत मावशी किती महिने येतील याचा हिशेब करा. मी केला. तो इथे देत नाही. बोर्ड बदलू का?
— एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : काका, बोर्ड बदलू नका, निदान आत्ता तरी नाही. बिघडलेला बोर्ड वार बघून बंद पडत नसतो.

पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार काय ते सांगायला नको. महापालिका सहसा गुरुवारी पाणी बंद ठेवून दुरुस्तीची कामं काढते, आणि नोटिशीतलं ते वाक्य तर आपल्याला तोंडपाठ आहे: 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.' तुमच्या वहीतले आठपैकी सात दिवस याच वाक्यात बसतात. आठवा दिवस रविवारचा. रविवारी रात्री सगळी इमारत घरी असते, सोमवारच्या तयारीला लागलेली असते आणि टाकी तळाला गेलेली असते. म्हणजे जूनमधली तुमची अडचण पाण्याच्या दाबाची आहे. टाक्या धुतल्यानंतरची अडचण वेगळी. ती तुमच्या घरात येऊन बसली आहे, सिंकखाली. एकाच मशीनमध्ये दोन कारणं एकावर एक चढली की माणूस चक्रावतो. कारागीरही चक्रावतो, आणि मग बोर्डावर बोट ठेवून मोकळा होतो.

आधी दाबाचं बघू. मशीनच्या माहितीपुस्तकात 'किमान दाब' असा एक रकाना असतो. मशीन कुठलं आहे त्यावर 0.3 ते 0.5 बारच्या आसपास आकडा दिसेल. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण एक बार. आता तुमचं घर मोजा. ओट्याखालचा कॉक जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. तिथून गच्चीपर्यंत अडीच मीटर धरा, टाकीखालचा चौथरा दीड मीटर. टाकी काठोकाठ असेल तर वर आणखी दीड मीटर पाणी. सगळं मिळून साडेपाच मीटर, म्हणजे अर्ध्या बारच्या जरासं वर. टाकी तळाला गेली की तुम्ही चार मीटरवर आलात. शिवाय पाइपातून, कोपऱ्यांतून वाहताना दाब खर्च होतो तो वेगळा. त्याच टाकीचं पाणी पहिल्या मजल्यावर दोन बारच्या पुढे दाबाने पडतं, म्हणून तिथल्या बिऱ्हाडाला हा आजार माहीतही नसतो. शेवटचा मजला, हवा छान, गच्ची जवळ असं सांगून फ्लॅट विकतात. नळाबद्दल कोणी बोलत नाही.

तुम्ही म्हणाल, सिंकच्या नळाला तर पाणी येतं. येतं, कारण नळ तुम्ही हाताने उघडता. मशीन तसं उघडत नाही. त्याच्या इनलेट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या झडपेत, रबराचा एक पडदा असतो. वीज मिळाली की कॉइल एक छोटी लोखंडी पिन वर ओढते आणि मधलं सुईएवढं भोक उघडतं. पण पडदा उचलण्याचं खरं काम पाण्याचा दाब करतो. दाब कमी असला की पिन वर जाते, पडदा मात्र जागचा हलत नाही. कॉइल आपली गुणगुणत राहते. तोच तुमचा 'घूं'.

आणि म्हणूनच बोर्डावर माझा संशय नाही. पहिलं मिनिटभराचं घर्रघर्र म्हणजे आधीचं उरलेलं पाणी बाहेर फेकणारा ड्रेन पंप. त्यानंतरचा 'घूं' म्हणजे बोर्डाने व्हॉल्व्हला वीज धाडली. दोन्ही हुकूम बोर्डाने वेळेवर दिलेत. खात्री करायची असेल तर नळीचं कॉककडचं टोक बघा. तिथे सिगारेटच्या पाकिटापेक्षा मोठा प्लॅस्टिकचा डबा असेल, तर व्हॉल्व्ह त्यातच आहे (पाणी गळलं तर नळापाशीच बंद व्हावं म्हणून ही सोय). मशीन 'घूं' करत असताना त्या डब्याला हात लावा. बोटांना मुंग्या आल्यासारखी थरथर लागली, तर वीज पोचते आहे. असा डबा असलेली नळी कधीही कापू नका आणि बादलीत बुडवू नका, तिच्यातून 230 व्होल्टची तार गेलेली असते.

आता सिंकखाली बसा. काका, गुडघ्याखाली उशी घ्या, टॉर्च घ्या, एक जुना टूथब्रश घ्या, आणि आधी मशीनचा प्लग काढा. बटण बंद करून भागणार नाही, प्लगच काढायचा.

अँगल कॉक बंद करून पुन्हा पूर्ण उघडा. गच्च झाला असेल तर पक्कड लावून जोर करू नका, जुन्या कॉकची दांडी तुटते आणि मग त्या संध्याकाळी सगळी इमारत तुमच्या स्वयंपाकघरात असते. नळी मशीनमागे दबून चिमटली आहे का ते बघा. फरशी पुसताना मशीन मागे रेटलं की हे हमखास होतं. नंतर कॉक बंद करून नळीची प्लॅस्टिकची चकती हाताने फिरवून सोडवा. खाली पातेलं ठेवा, कपभर पाणी सांडेल. नळीच्या तोंडात बारीक भोकांची, टोपीच्या आकाराची छोटी जाळी दिसेल. नोज प्लायरने तिचं मधलं बोंड धरून सरळ बाहेर ओढा.

टाक्या धुतल्यानंतरच्या आठवड्यात मी अशा जाळ्या रांगेने काढते. टाकी धुणारा तळ खरवडतो, पाणी उपसतो, पण कोपऱ्यात आणि पाइपाच्या तोंडाशी राहिलेला गाळ पहिल्या भरणीबरोबर खाली येतो. वरचे मजले आधी मार खातात. जाळीवर सहसा तीन थर सापडतात: तपकिरी चिखल, त्याखाली टँकरच्या बोअरच्या पाण्याचे पांढरट खवले आणि मधोमध टेफ्लॉन टेपची एखादी दोरी, प्लंबरची आठवण म्हणून. चिखल ब्रशने जातो. खवल्यांसाठी जाळी अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा. लिंबूही चालेल, वेळ जास्त लागेल. जाळी फेकून देऊन नळी तशीच जोडू नका. एका घरात कोणीतरी हा शहाणपणा केला होता, तेव्हा वाळूचा एक कण पडद्याच्या सुईएवढ्या भोकात जाऊन बसला. मग व्हॉल्व्ह बंदच होईना आणि पाणी थांबेना.

जाळी बाहेर आहे तोवर बादलीची परीक्षा उरकून घ्या. दहा लिटरची बादली कॉकखाली धरा, कॉक पूर्ण उघडा आणि घड्याळ बघा. साधारण मिनिटभरात भरली पाहिजे. एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊला बघा. वहीत लिहालच.

माझी एक चूक सांगते. पुण्यात काम सुरू करून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. कोल्हापूरच्या आयटीआयचं वायरमनचं सर्टिफिकेट बॅगेत लॅमिनेट करून ठेवलेलं, आणि डोक्यात हवा. कोथरूडच्या एका घरात अगदी हीच तक्रार. मी व्हॉल्व्ह बदलला. चालेना. बोर्ड मागवला, बदलला. चालेना. तिसऱ्या दिवशी त्या घरातल्या आजी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, तो पाणी शुद्ध करायचा डबा बसवायला माणूस आला होता ना, त्याने खाली काहीतरी जोडलंय." बघते तर डिशवॉशरच्या लाइनवरच आरओसाठी जोड दिलेला, आणि त्यातून पाणी जायला वाट किती, तर पेन्सिलीएवढी. जोड काढला, मशीन भरलं. बोर्डाचे पैसे मी परत केले, तीन हप्त्यांत. आजींनी तिन्ही वेळा चहा दिला. तेव्हापासून पाणी येत नाही म्हटलं की मी मशीन उघडत नाही. टाकीपासून पाण्याबरोबर चालत खाली येते.

जाळी साफ, बादली वेळेत भरते, आणि तरी मशीन कोरडंच, असं झालं तर कारागिराला बोलवा. पण त्याला पुढच्या गोष्टी बघायला सांगा. व्हॉल्व्हची कॉइल मल्टिमीटरवर काही हजार ओहम दाखवायला हवी. काहीच दाखवत नसेल, तर कॉइल तुटली आहे. किती पाणी आत आलं ते मोजणारी एक चिमुकली फिरकी बऱ्याच मशीनमध्ये असते. ती क्षाराने अडकली, तर पाणी येत असूनही मशीनला कळत नाही. आणि तळातल्या पत्र्यावर थर्माकोलचा तरंगता तुकडा असतो, त्याच्याबद्दल पुढच्या पत्रात लिहिते. हे सगळं तपासून झाल्यावर तो बोर्ड म्हणाला, तर ऐकून घ्या.

त्याच वाचकांचं दुसरं पत्र, बारा दिवसांनी :

ताई, जाळी काढली. तुम्ही लिहिलेले तिन्ही थर होते, टेफ्लॉनची दोरी दोन इंच भरली. बादली सकाळी सहाला 46 सेकंदांत, रात्री नऊला 1 मिनिट 12 सेकंदांत. कॉकजवळच्या डब्याला हात लावला, मुंग्या आल्या. जाळी बसवल्यापासून सकाळी लावला की मशीन बिनतक्रार चालतं. रात्री लावलं तर पाच दिवसांत दोनदा अडलं. सवय रात्री जेवणं झाल्यावर लावायची आहे. सकाळपर्यंत खरकटी ठेवणं पत्नीला पटत नाही. पंप बसवावा का?

उत्तर : रात्री नऊला तुमच्या खालच्या सहाही मजल्यांवर नळ चालू असतात, आणि पाणी एकाच उभ्या पाइपातून उतरतं. तुमच्या वाट्याला उरेल ते. पंपाने प्रश्न सुटेल, पण घाई नको. तो टाकीतून तुमच्या घरात येणाऱ्या लाइनवरच बसतो, त्याला सोसायटीची परवानगी लागते, आणि तुम्ही ओढलंत की सहाव्या मजल्याची तक्रार येते. महापालिकेच्या थेट लाइनला मोटर लावायचा विचारही करू नका, ते बेकायदा आहे.

त्याआधी बिनपैशाचा उपाय करून बघा. मशीनवर घड्याळाचं चित्र असलेलं एक बटण असेल, उशिरा सुरू करण्याचं. (याच बटणापायी मला वर्षातून दोन-तीन फुकट फेऱ्या पडतात. नातवाने ते दाबलेलं असतं, मशीन सहा तास थांबायचं म्हणून गप्प उभं असतं, आणि घरचे म्हणतात पाणी घेत नाही.) तुमच्या वॉचमनला विचारा, टाकी भरायची मोटर किती वाजता लावतो. पहाटे चार-साडेचारला लावत असेल, तर रात्री भांडी रचून, दार लावून, सात-आठ तासांनंतरची वेळ द्या. दार 'टक्' असं लागलं पाहिजे. ते नीट लागलं नाही, तर टाकी कितीही भरलेली असो, पाणी येणार नाही. कढईला चिकटलेली भाजी तेवढी ओल्या कागदाने पुसून ठेवा. खरकटं सिंकमध्ये दिसत नसलं म्हणजे काकूंची हरकत नसावी.

प्रश्न : भांड्यांच्या गोळ्या संपल्या म्हणून मी दोन झाकणं साधं भांड्यांचं लिक्विड टाकलं. फेस दारातून जमिनीवर आला. पुसून घेतलं, पण त्या दिवसापासून मशीन पाणी घेतच नाही. नुसतं घर्र करतं, मिनिटभर नव्हे, प्लग काढेपर्यंत. स्क्रीनवर ई 15 दिसतं. चूक कळली, पुढे काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : चुकीचं एवढं मनाला लावून घेऊ नका. हे सगळेच एकदा करतात, दुसऱ्यांदा कोणी करत नाही. हाताने घासायचं लिक्विड फेसासाठीच बनवलेलं असतं, आणि मशीनमध्ये पाण्याचे फवारे त्याला घुसळतात. जमिनीवर आला तो फेस तुम्ही पुसलात. पण थोडा मशीनच्या पोटाखाली उतरला आणि तिथे त्याचं पाणी झालं. तळाच्या पत्र्यावर थर्माकोलचा तो तुकडा असतो, पाणी साचलं की तो तरंगतो आणि खालचं बटण दाबलं जातं. मशीनची समजूत अशी होते की कुठेतरी फुटलंय, घरात पूर येणार. मग ते नवं पाणी घेणं बंद करतं आणि ड्रेन पंप चालू ठेवतं. बॉशच्या मशीनमध्ये हेच ई 15. नुसतं पाणी मिळत नसेल तर तिथे ई 18 येतं, एलजीत आयई, सॅमसंगमध्ये 4सी. दोन्हींत पाणी येत नाहीच, पण एकात मिळत नाही म्हणून आणि दुसऱ्यात मशीन घेत नाही म्हणून.

प्लग काढा, कॉक बंद करा. दार उघडं ठेवून आतला फेस बसू द्या, वाटीने उपसा. खालची पट्टी दोन स्क्रूंवर असते, ती काढून स्पंजने जेवढं पोचेल तेवढं पाणी टिपा. मशीन मोकळं उभं असेल तर दोघांनी मिळून हळूच मागे कलवा, पाणी पुढे येईल. खाली जुनी चादर टाका. मग दिवसभर तसंच ठेवा. तुमच्या नागपुरी उन्हाळ्यात दुपारभरही पुरलं असतं. त्यानंतर गोळी न घालता, रिकामंच एकदा धुण्याला लावा.

ते नीट चाललं आणि ई 15 परत आलं नाही, तर विषय संपला. दोन-चार दिवसांनी परत आलं, तर फेसाचं नुसतं निमित्त झालं, आत कुठेतरी खरंच गळतंय. मिठाच्या कप्प्याचं (पाणी मऊ करायचं मीठ घालतात तो) झाकण वाकडं बसलंय का ते आधी बघा, मग कारागीर. तरंगणारा तुकडा दोऱ्याने बांधून ठेवायची युक्ती काही जण सांगतात. तसं करणारा कारागीर आला, तर त्याला चहाही देऊ नका.

प्रश्न : आमचं घर राजापूर तालुक्यात. विहिरीचं पाणी मोटरने न्हाणीघराच्या पत्र्यावरच्या टाकीत चढवतो. मुंबईहून मुलाने डिशवॉशर पाठवला. पाणी घेत नाही. मी वरून तांब्याने ओतलं तर चालेल काय?
— एक वाचक, जिल्हा रत्नागिरी

उत्तर : एकदा परीक्षा म्हणून ओता. दार उघडून तळात तीनेक लिटर पाणी घाला, दार लावा, सुरू करा. फवारे फिरण्याचा आवाज आला तर मशीन धडधाकट आहे, दोष पाण्याच्या येण्यात आहे. (काही मशीन आत आलेलं पाणी फिरकीने मोजतात. त्यांना तांब्याचं पाणी मान्य नसतं, तेव्हा आवाज आला नाही म्हणून निराश होऊ नका.)

रोज मात्र तांब्याने नको. मशीन एका धुण्यात तीन-चार वेळा पाणी घेतं आणि सोडतं, तुम्ही दर खेपेला तांब्या घेऊन उभे राहणार का? तशी सुरुवात हाताच्या मेहनतीनेच झाली होती म्हणा. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या जोसेफिन कॉक्रन या बाईंनी 1886 मध्ये भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात दांडा फिरवून साबणाचं गरम पाणी भांड्यांवर उडवायचे. तुमचा मुलगा तुम्हाला दांडा फिरवायला लावणार नाही.

न्हाणीघराचा पत्रा आठ फुटांवर असेल. त्यातून कॉकची उंची वजा केली तर तुमच्याकडे उरतं जेमतेम दोन मीटर, म्हणजे 0.2 बार. यात व्हॉल्व्ह उघडत नाही, मशीनचा काही दोष नाही. जांभ्याच्या चिऱ्यांचा चौथरा रचून टाकी जमिनीपासून वीस-बावीस फुटांवर नेता आली, तर विजेशिवाय काम होईल. पण एवढ्या ओझ्याचं बांधकाम गवंड्याला विचारूनच करा, पावसात टाकी घरावर यायला नको. नाहीतर टाकी आणि मशीन यांच्यामध्ये छोटा प्रेशर पंप बसवा. नळ उघडला की सुरू आणि बंद केला की बंद, अशा जातीचा मागा. त्याच्याआधी धुऊन वापरता येणारा गाळणीचा डबा लावा. पावसाळ्यात विहिरीला लाल पाणी येतं तेव्हा मशीनची जाळी आठवड्यात बुजेल, डबा धुवायला सोपा.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. जांभ्याच्या मुलखातलं विहिरीचं पाणी सहसा मऊ असतं. मशीनबरोबर पाण्याचा जडपणा बघायची कागदाची पट्टी आली असेल, ती पाण्यात बुडवून रंग बघा आणि तसा आकडा मशीनला द्या. बाणेरच्या काकांना महिन्याला लागतं तेवढं मीठ तुम्हाला वर्षभर पुरायचं. मीठ डिशवॉशरचंच घ्या. लोणच्याचं नको, मुलगा काहीही म्हणो.

प्रश्न : न्यू जर्सीत भाड्याच्या घरात राहते. गेल्या आठवड्यात प्लंबरने सिंकचा नळ बदलला, तेव्हापासून डिशवॉशरमध्ये पाणी येत नाही. घरमालक म्हणतो मशीन जुनं आहे.
— एक वाचक, एडिसन

उत्तर : मशीन जुनं असेल, पण ते प्लंबर आला त्याच दिवशी म्हातारं झालं का? तुमच्याकडे डिशवॉशर सिंकखालच्या गरम पाण्याच्या लाइनवर असतो. तिथल्या कॉकला बऱ्याचदा दोन तोंडं असतात, एक नळाला आणि एक मशीनला. प्लंबरने दोन्ही बंद केली आणि एकच उघडलं, असं नव्वद टक्के मला वाटतंय. दुसरं उघडा. तरी आलं नाही, तर मशीनच्या आत पुढच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची छोटी घुमटी असते, ती बोटाने वर-खाली होते का बघा. तिच्याखाली चमचा किंवा डब्याचं झाकण अडकलं की ती वरच राहते आणि मशीनला वाटतं पाणी भरलेलं आहे. त्यापुढचं काम घरमालकाचं. तिकडच्या बऱ्याच मशीनना प्लग नसतो, वायर थेट जोडलेली असते, त्यामुळे ब्रेकर पाडल्याशिवाय खालची पट्टी उघडू नका.

प्रश्न : आमच्या मशीनमध्ये पाणी येतं, आवाज ऐकू येतो. पण पाच मिनिटांनी दार उघडून बघितलं तर तळ कोरडा. व्हॉल्व्ह बदलून झाला. फोटो सोबत.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फोटो पाठवलात ते बरं केलंत. सांडपाण्याची नळी मशीनमधून निघून थेट फरशीच्या जाळीत सोडलेली दिसते आहे, जमिनीवर आडवी. मशीन पाणी भरतं आणि ते त्याच नळीतून आपोआप बाहेर ओढलं जातं, टाकीतलं पाणी नळी लावून बादलीत काढतो ना, तसं. पाणी आत येतच होतं, त्यामुळे व्हॉल्व्हचे पैसे वाया गेले. नळी जमिनीपासून निदान 40 सेंटिमीटर वर न्या, भिंतीला क्लिपने अडकवा आणि मग खाली वळवा. तुमच्या फोटोत वॉशिंग मशीनची नळी बरोबर त्याच उंचीवर खिळ्याला टांगलेली आहे. तिच्या शेजारी आणखी एक खिळा ठोका.